न लिहिलेल्या निबंधाचा शेवटचा तक्ता

हात धुण्याच्या बेसिनपाशी विद्यापीठात व्याख्यानाला आलेला पाहुणा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि नळाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "मॅडम, तुमचा 'काळजीचे तास' वाचला बरं का. त्यातला तो शेवटचा तक्ता, त्याच्यावर आमचं सगळं काम उभं आहे." ती बोटांमधला साबण काढत होती. जेवणाच्या खोलीतून थाळ्या आदळल्याचे आवाज येत होते, कुणीतरी खुर्ची ओढत होतं. तिने मान वर केली, आरशात त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तो तक्ता जरा घाईत झाला हो. तिसरा रकाना फार अरुंद झाला." पाहुणा म्हणाला, "छे छे, उत्तम आहे," आणि रुमालाला हात पुसत निघून गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की नळ अजून चालू आहे, हातावर साबण राहिलेला नाही आणि 'काळजीचे तास' नावाचा निबंध तिने कधी लिहिलेलाच नाही.

त्याच्या बोलण्याचं तिला काही वाटलं नसतं. न लिहिलेला निबंध लोक वाचतात, हे तिला ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं ती त्याची गंमत बघत आली होती. तिचे मार्गदर्शक, आता हयात नसलेले सर, यांनी आपल्या जाड पुस्तकाच्या शेवटी तिच्या नावापुढे 'काळजीचे तास' असं लिहिलं होतं आणि पुढे 'प्रकाशनाच्या वाटेवर' अशी पुस्ती जोडली होती. सरांना घाई फार. विद्यार्थिनीने विषय नुसता बोलून दाखवला, की त्यांच्या लेखी तो छापून झालेला असायचा. सरांचं पुस्तक सगळ्यांनी वापरलं. पुढच्या कुणीतरी 'प्रकाशनाच्या वाटेवर' काढून टाकून तिथे एक साल घातलं, कारण सालाशिवाय ती नोंद लंगडी दिसत होती. त्याच्या पुढच्याने नियतकालिकाचं नाव घातलं. मग खंड आला, मग पानांचे क्रमांक आले. ज्याचा उल्लेख करायचा तो निबंध उघडून बघायला कुणाला वेळ असतो? एकाच्या यादीतून दुसऱ्याच्या यादीत उचलायचं, शेजारणीच्या पिशवीत डोकावून आपली भाजी ठरवावी तसं. सुरुवातीला तिने हे ताईला हसत हसत सांगितलंही होतं. ताई, तिची थोरली बहीण, म्हणाली होती, "बरं आहे की. न शिजवता जेवायला बसलेत सगळे." एक पत्र पाठवून हे सगळं थांबवावं असं तेव्हा एकदा मनात आलं होतं. पण आई जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि पत्र लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला हात थांबायचा. नंतर पत्र लिहायचं तर इतके दिवस गप्प का होतात, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. मग उल्लेख मोजणारं यंत्र आलं आणि त्याने हा निबंध तिच्या नावावर चढवून टाकला. तिने खरोखर लिहिलेले, महिनोन् महिने आकडे पाखडून लिहिलेले निबंध खाली राहिले आणि जो नव्हता तो सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला.

हे सगळं तिला माहीत होतं. म्हणून पाहुण्याचं बोलणं नव्हे, आपलं उत्तर तिच्या अंगावर आलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. खोटं बोलताना माणसाला आतून एक हिसका बसतो, तो बसला नव्हता. तिला तो तक्ता दिसला होता. आरशात पाहुण्याच्या खांद्यामागे दिसावा इतका स्वच्छ: तीन रकाने, पहिला ऐसपैस, दुसरा बेताचा आणि तिसरा असा चिंचोळा, की त्याचं शीर्षक दोन ओळींत मोडावं लागलं होतं. कुठे बघितला तिने तो? ती आपल्या खोलीकडे चालत निघाली. पॅसेजमधल्या फरश्या नेहमीच्याच होत्या, एका आड एक फिकट, आणि ती नेहमीसारखीच फिकट फरशीवर पाय टाकत होती. पण आज पाय टाकण्यापूर्वी ती फरशी तिथे आहे ना, हे तिने बघून घेतलं.

बाबांच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, "मेंदूला रिकामी जागा चालत नाही. तो भरून टाकतो. आणि त्यांना ते खोटं वाटत नाही, लक्षात ठेवा. त्यांना ते दिसतं." बाबांनी सारा जन्म टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडण्यात घालवला होता, पण गेल्या दोन वर्षांत ते दीपगृहावर नोकरीला होते. तिथल्या जिन्याचा कठडा कसा गार लागायचा, काचा पुसायला कोणतं फडकं चालायचं, सगळं ते सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, कालच खाली उतरून आलेत. डॉक्टरांचं म्हणणं तिला पटकन समजलं, कारण तो तिचाच धंदा होता. पाहणीत एखाद्या घराने एखादा प्रश्न कोरा सोडला, तर आजूबाजूच्या घरांवरून अंदाज बांधून तो आकडा भरतात. त्यात गैर काही नाही. फक्त भरलेल्या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी काढायची, म्हणजे पुढच्याला कळतं की हा मिळालेला नाही, भरलेला आहे. विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ती हे एवढंच ओरडत आली होती. मेंदू चांदणी काढत नाही. आणि डॉक्टरांनी त्या दिवशी निघता निघता, कागद आवरत, अगदी सहज विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला?" ती म्हणाली होती, "नाही." तेव्हा ते खरं होतं. निदान तिला तसं आठवत होतं.

खोलीत येऊन बसते न बसते तोच कार्यालयातून लेखनिक बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमची यादी तयार आहे. उद्या सही करून टाका, निवड समितीकडे पाठवायचीय. काही काळजी करू नका, तुमचा प्रभावाचा आकडा मस्त वर आहे."

"कशामुळे?"

"कशामुळे म्हणजे? त्या एका पेपरमुळे. खरं सांगू, तुमचं सगळं गाडं त्याच एका बैलावर चाललंय. बाकीचे बैल नुसते मागे बांधलेत." बाई स्वतःच हसल्या. त्यांना यादीतली सगळी माणसं अशीच आकड्यांवरून ओळखू यायची आणि त्यात दुष्टावा नव्हता. मुख्य प्राध्यापकाची जागा तिला मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिलाही वाटत होतं. त्या पदाबरोबर शिकवण्याचे तास निम्मे होणार होते, दुपारी घरी जाता आलं असतं. बाबांजवळ दिवसभर थांबणाऱ्या मावशींनी पुढच्या महिन्यापासून अर्धाच दिवस जमेल म्हणून कधीच सांगून ठेवलं होतं. काल जर बाईंचा फोन आला असता, तर तिने नेमकं काय केलं असतं याचा विचार ती करत बसली. बहुधा सही केली असती आणि थोडे दिवस स्वतःवर चिडली असती. त्यात भीती नव्हती, नुसती लाज होती, आणि लाजेची माणसाला सवय होते. पण आज तिला कळेना, की ज्यावर सही करायची तो निबंध खरंच नाही, हे तरी तिला कशावरून माहीत होतं. आठवणीवरूनच ना?

घरी आली तेव्हा मावशी चपला घालून दारातच उभ्या होत्या. "आज शहाण्यासारखे जेवले. मला म्हणाले, आपण फार चांगल्या आहात, आपलं गाव कोणतं." बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. तिला बघून ते हसले, आणि त्या हसण्यापाशी ती थबकली. माणूस ओळखू आला नाही की बाबा असं हसायचे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आधी हसून घ्यायचं, मग त्याच्या बोलण्यातून जे हाती लागेल ते उचलून पुढे जायचं. "हो हो, आठवतं ना." "छान झालं होतं ते." महिनाभर शेजाऱ्यांना पत्ता लागला नव्हता, इतकं ते बेमालूम होतं. दुपारी आरशात ती नेमकं असंच हसली होती. तिने दिवा लावला, बाबांची शाल सारखी केली, आणि आतल्या खोलीत जाऊन कपाटासमोर उभी राहिली. वरच्या कप्प्यात आईच्या आजारपणातल्या वर्षांचे सगळे कागद होते. हात वर गेला आणि परत आला. तिथे काहीच सापडलं नाही, तर तिने तो तक्ता मनातच भरला होता. आणि सापडला तर? तिच्या अक्षरातली बावीस पानं, व्यवस्थित टाचलेली, आणि ती लिहिल्याचं तिला काहीही आठवत नाही. यातलं कोणतं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. तिने कपाट न उघडता ताईला फोन लावला.

"ताई, आईच्या आजारपणात मी काय करत होते?"

"हा काय प्रश्न झाला? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू सांग ना."

"आईला भरवत होतीस, कूस बदलत होतीस, आणि मी सुट्टी काढून आले की माझ्यावर खेकसत होतीस."

"मी काही लिहीत होते का? निबंध वगैरे?"

ताई हसली. "तू? अगं, तू केस विंचरायचे विसरायचीस. एकदा चष्म्यावर चष्मा लावून आली होतीस बाहेर." मग ती म्हणाली, "लिहिलं काही नाहीस. पण म्हणायचीस मात्र रोज. आई विचारायची ना, झालं का गं तुझं लिहून? माझ्यामुळे तुझं अडलं म्हणून तिचा जीव तुटायचा. तर तू म्हणायचीस, झालंय सगळं, शेवटचा तक्ता तेवढा राहिलाय. आणि मग बसून सांगायचीस तिला तो तक्ता. इतके रकाने, त्यात हे, त्यात ते. मलाही वाटायचं, खरंच लिहितेय बया. काय झालं पण? मोजणीदार, बोल की."

मोजणीदार हे तिचं घरातलं लहानपणापासूनचं नाव. जिन्याच्या पायऱ्या, ताटातले मटार, सगळं मोजायची म्हणून. "काही नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर पलंगाच्या कडेवर बसून राहिली. म्हणजे तो तक्ता होता. कागदावर नव्हता, पण तिने तो रोज रचला होता, आईच्या उशाशी, तोंडाने. पहिल्या रकान्यात आजारी माणसाचं करण्यात गेलेले तास. दुसऱ्यात त्यापायी बुडालेले कामाचे तास. आणि तिसऱ्यात ते तास, ज्यांत काहीच करायचं नसतं, फक्त पलीकडच्या खोलीतून आवाज येतो का याकडे कान लावून पडून राहायचं असतं. ज्यांत झोप येत नाही, वाचता येत नाही आणि ज्यांना कुठलीच पाहणी काम म्हणत नाही. ऐकण्याचे तास. हे नाव तिला सुचलं, तेव्हा स्वतःचंच केवढं कौतुक वाटलं होतं. आत्ता तिला ते सगळं चांदणीशिवाय, स्वच्छ आठवत होतं. बाहेरच्या खोलीत बाबांनी खाकरल्यासारखं केलं आणि तिचे कान आपोआप तिकडे वळले.

सकाळी ती थेट कार्यालयात गेली. "बाई, हा पहिला पेपर यादीतून काढा."

लेखनिक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काढा? मॅडम, हा काढला तर आकडा किती खाली येतो, माहितीय ना? आणि मला काढता येतही नाही. यंत्र ओढून घेतं. तुमचा नाही असं लेखी द्यावं लागेल."

"माझाच आहे. पण तो नाहीये."

"नाहीये म्हणजे हरवलाय?"

"लिहिलाच नाही मी."

बाईंनी तिच्याकडे काळजीने बघितलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. बाबा दीपगृहाबद्दल बोलायला लागले की ती स्वतः त्यांच्याकडे अशी बघायची. "मॅडम, एवढ्या लोकांनी वाचलाय तो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रात्री झोप झाली नाही का?" तेवढ्यात पाहुणा परतीच्या गाडीची वेळ विचारायला आत आला, आणि बाईंना साक्षीदारच मिळाला. "हे बघा, हेच सांगतील. सर, तुम्ही वाचलाय ना मॅडमचा तो पेपर?"

"म्हणजे काय, परवाच पुन्हा वाचला," तो म्हणाला.

"त्या तक्त्यात रकाने किती होते?" तिने विचारलं. तिला त्याला पकडायचं नव्हतं. तिला खरोखरच ऐकायचं होतं.

"रकाने..." तो हसला. आधी हसला. "होते ना. पुरेसे होते. छान झाला होता तो."

तिने ते हसू ओळखलं. बरं वाटायला हवं होतं. माणूस निव्वळ थाप मारत होता, तिच्या डोक्यात काही बिघडलेलं नव्हतं. तिने तिथेच थांबायला हवं होतं. पण तोंडातून पुढचा प्रश्न निघून गेला. "आणि माझा 'घरखर्चाची कात्री'? तो बघितलात?" हा तिचा खरा निबंध. आजारपण आलेल्या घरात सगळ्यांत आधी कशाला कात्री लागते, याचा तिने चार वर्षं माग काढला होता. तिला स्वतःला विचारलं असतं, तर तिने आयुष्यात तेवढं एकच काम केलं होतं.

"तोही वाचला ना," पाहुणा म्हणाला. "छान झाला होता तोही." तेच हसू. तोच सूर, तसूभरही फरक नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि यादीतल्या सगळ्या ओळी तिला एकसारख्या दिसायला लागल्या, असलेला आणि नसलेला यांत काही फरक पडला नव्हता अशा. तिने बाईंकडून कागद मागून घेतला आणि लिहून दिलं, की हा निबंध अस्तित्वात नाही. बाईंनी कागद घेतला, आकडा पुन्हा काढला, आणि पडद्याची मान तिच्याकडे वळवली. ती जागा आता तिची नव्हती, हे कळायला मोजणीदार असायची गरज नव्हती.

संध्याकाळी मावशी गेल्यावर ती बाबांसमोर स्टूल ओढून बसली. खिडकीतला उजेड उतरत होता. पुढच्या महिन्यात दुपारी इथे कोण असेल, हा विचार ती मनाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवत होती. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि आई विचारायची अगदी त्याच शब्दांत विचारलं, "झालं का गं तुझं लिहून?"

"नाही बाबा," ती म्हणाली. आता कुणापुढेच लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मी ते लिहिलंच नाही कधी."

"असं कसं. मला माहीत आहे तो."

तोच सूर आता इथेही ऐकावा लागणार होता. "छान झाला होता ना?" ती थकून म्हणाली.

"छान कसला. तिसरा रकाना अरुंद झाला होता तुझा," बाबा म्हणाले. "मी तिथे दाराशी खुर्ची टाकून बसायचो. तुला त्याला नावच मिळेना. जागरणाचे तास म्हणत होतीस. तर तुझी आई म्हणाली, जागरण नको म्हणू, जागरण काय कुणीही करतं. ऐकण्याचे म्हण."

आई असं म्हणाली होती? ते नाव तिचं होतं. ते सुचल्याचा क्षण, त्या वेळचा पाण्याचा तांब्या, आपल्याच हुशारीचा तो आनंद, सगळं कालच तर तिला इतकं स्वच्छ आठवलं होतं. तिने त्या आठवणीला हात लावून बघितला, तर ती तशीच घट्ट होती, जराही डुगडुगत नव्हती. आणि बाबा खरं सांगत होते, हेही तितकंच घट्ट कळत होतं. असं वाक्य तिला कधी सुचलं नसतं. ते आईचंच होतं. मग तिच्या डोक्यात आणखी काय काय असं भरून ठेवलेलं होतं, डोक्यावर चांदणी नसलेलं? औषधाच्या चिठ्ठीची कोरी बाजू तिने गुडघ्यावर पसरली, पेन्सिल घेतली आणि दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले. या घरात तो निबंध खरोखर ऐकलेला माणूस एकच होता, आणि त्याला तो आत्ता, या उजेडात आठवत होता.

"बाबा, पहिल्यात काय होतं? मी काय सांगायचे?"

"करण्याचे तास," ते लगेच म्हणाले. "भरवणं, पुसणं. तू उजळणीसारखं म्हणायचीस."

ती लिहीत गेली. दुसऱ्या रकान्याशी ते अडखळले, पण त्यांना ते मिळालं. ती कागदाकडे बघायचं टाळत होती. अक्षर कसंही येऊ दे, पण त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढायला ती घाबरत होती. "आणि तिसऱ्यात? आईने आणखी काय सांगितलं तिसऱ्याबद्दल? आठवा ना बाबा. ऐकण्याचे तास कसे मोजायचे, असं ती विचारायची ना?"

बाबांनी तोंड उघडलं. खाली रस्त्यावर कुणीतरी दार लावलं, आणि त्या आवाजासरशी त्यांची नजर खिडकीकडे गेली. ती परत आली, तेव्हा आधी ते हसले.

"फार छान लिहिता हो आपण," ते अदबीने म्हणाले. "आपण कोणाच्या?"

तिने पेन्सिल खाली ठेवली नाही. तिसऱ्या रकान्यावर टोक टेकवून ती तशीच बसून राहिली, श्वासाचाही आवाज होऊ न देता, ते पुन्हा काही बोलतात का याकडे कान लावून.